मेलेल्या पात्रांची यादी करणारा माणूस

एका पुस्तकाच्या शेवटी एक यादी आहे. सिनेमा कुठला, त्यातलं पात्र कोण, आणि ते कसं मेलं. बस, एवढंच. कुणी गळफास घेतला, कुणी स्वतःवर गोळी झाडली, कुणाला पोलिसांची गोळी लागली. एका सिनेटरनं वस्तऱ्यानं गळा चिरून घेतला. एका बाईच्या अंगावर तर चक्क झाड पडलं. पहिल्यांदा वाचताना हसू येतं, खोटं कशाला बोलू. पोलीस ठाण्यातलं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर हाती लागल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं की या सगळ्या पात्रांमध्ये एकच गोष्ट सारखी आहे. ती सगळी समलिंगी आहेत, किंवा तशी असावीत असा संशय प्रेक्षकाला यावा म्हणून तशी रंगवलेली आहेत.

ही यादी करणारा माणूस म्हणजे व्हीटो रुसो. जिनिव्हाचा तत्त्वज्ञ रूसो वेगळा, हा न्यूयॉर्कचा, इटालियन घरातला. पुस्तकाचं नाव ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’. पहिली आवृत्ती १९८१ची, वाढवलेली १९८७ची. रुसोची ओळख करून देताना ‘समलिंगी हक्क चळवळीतला कार्यकर्ता आणि सिनेमाचा इतिहासकार’ असं म्हणतात. त्यातला ‘आणि’ मला कायम खटकतो. जणू सकाळी मोर्चा आणि संध्याकाळी सिनेमा, अशी त्याची दोन खाती होती. त्याच्या लेखी ते एकच काम होतं. कसं, ते नीट समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आधी नावाचा उलगडा. सेल्युलॉइड म्हणजे ज्या पट्टीवर सिनेमा छापला जायचा ती. क्लोजेट म्हणजे भिंतीतलं कपड्यांचं कपाट. आपण समलिंगी आहोत हे लपवून जगणाऱ्याला इंग्रजीत ‘क्लोजेटमध्ये आहे’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी वेगळा शब्द नाही, कारण आपल्याकडे अशा माणसाचं सरळ लग्नच लावून देतात. तर, अख्खा हॉलिवुड म्हणजे एक मोठं कपाट आहे, आत माणसं कोंबलेली आहेत आणि दाराच्या फटीतून कुणाचा हात, कुणाच्या कपड्याचं टोक बाहेर दिसतंय, असं रुसोचं म्हणणं होतं. त्यानं ती फट किलकिली करून आत टॉर्च मारला.

रुसोचा जन्म ११ जुलै १९४६चा, मॅनहॅटनच्या ईस्ट हार्लेम भागातला. पुढं कुटुंब न्यू जर्सीतल्या लोडाय गावी राहायला गेलं. पोरगा लहानपणापासून सिनेमावेडा. न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यानं सिनेमाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयाच्या सिनेमा विभागात नोकरी धरली. हे नोकरीचं प्रकरण महत्त्वाचं आहे. आज आपण १९३३चा सिनेमा बसमध्ये बसून मोबाइलवर बघतो. १९७० साली व्हिडिओ कॅसेटसुद्धा घरोघरी आलेली नव्हती. जुना सिनेमा बघायचा म्हणजे तो टीव्हीवर रात्री-बेरात्री लागेल त्याची वाट बघायची, नाहीतर रिळं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याशी ओळख काढायची. रुसो रिळांच्या गोदामातच बसला होता.

तेव्हाच्या अमेरिकेत समलिंगी असणं म्हणजे काय होतं? इलिनॉय सोडलं तर प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होता. मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या लेखी तो आजार होता, डिसेंबर १९७३पर्यंत. (आपल्या कलम ३७७मधून हा विषय ६ सप्टेंबर २०१८ला बाहेर पडला, तेव्हा नाक मुरडायला आपल्याला फारशी जागा नाही.) समलिंगी लोक जमायचे ते बार बहुतेक माफियाच्या मालकीचे. पोलीस अधूनमधून धाड टाकायचे, माणसं गाडीत भरून न्यायचे. जून १९६९मध्ये ग्रिनिच व्हिलेजमधल्या स्टोनवॉल इन या बारवर अशीच धाड पडली आणि त्या रात्री लोक गाडीत बसायच्या ऐवजी उलटले. काही रात्री दंगल चालली. या घटनेपासून आधुनिक समलिंगी चळवळ मोजायची पद्धत आहे.

आता कुणालाही वाटेल की आपला नायक तिथं दगड मारत होता. नव्हता. रुसो समोरच्या बागेतून बघत राहिला आणि घरी गेला. त्याच्या चरित्रातला हा तपशील मला फार आवडतो. चळवळीत पडलेली बहुतेक माणसं आधी अशी कठड्यावरच बसलेली असतात.

त्याला कठड्यावरून उतरवलं ते पुढच्या मार्चमध्ये घडलेल्या एका प्रकरणानं. स्नेक पिट नावाच्या बारवर धाड पडली, दीडशेहून जास्त लोकांना धरून ठाण्यात नेलं. त्यात दिएगो विन्यालेस नावाचा अर्जेंटिनाचा एक तरुण होता. आता आपल्याला देशाबाहेर काढणार या भीतीनं त्यानं ठाण्याच्या वरच्या मजल्यावरून उडी टाकली, आणि तो खालच्या लोखंडी कुंपणाच्या भाल्यांवर पडला. भाले अंगात घुसले. कुंपणाचा तेवढा तुकडा कापून, त्याच्यासकट त्याला इस्पितळात न्यावं लागलं. तो वाचला. त्यानं उडी मारली असेल, पण त्याला ढकललंच गेलं, अशा अर्थाची पत्रकं त्याच रात्री वाटली गेली. ती वाटणाऱ्या ‘गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स’ या संघटनेत रुसो गेला.

या संघटनेनं सोहो भागात वूस्टर स्ट्रीटवर अग्निशमन दलाची एक जुनी इमारत भाड्यानं घेतली होती. तिला सगळे ‘फायरहाउस’च म्हणत. तिथं बैठका, नाच, भांडणं सगळं चालायचं. आणि रुसो तिथं सिनेमे दाखवायचा. इथं त्याला एक गोष्ट उमगली. जो सिनेमा एकट्यानं टीव्हीवर बघताना माणूस उगाच अस्वस्थ व्हायचा, तोच सिनेमा आपल्यासारख्या दोनशे लोकांत बसून बघितला की खोली हास्यानं दणाणून जायची. ज्या संवादावर बाहेरच्या थिएटरात चिडीचूप, त्यावर इथं शिट्ट्या. पडद्यावर काहीतरी आपल्याविषयी बोललं जातंय, फक्त नाव न घेता, हे सगळ्यांना आपापलं एकेकट्यानं कळलेलं होतं. एकत्र बसल्यावर समजलं की तो आपला भ्रम नव्हता.

त्यातून व्याख्यान तयार झालं. सिनेमातले तुकडे आणि रुसोचं बोलणं. हे बाड घेऊन तो कॉलेजांत, छोट्या थिएटरांत, जिथं बोलावतील तिथं जायचा, दहाएक वर्षं. पुस्तक त्या व्याख्यानाच्या पोटातून आलं. म्हणूनच ते ग्रंथालयात लिहिल्यासारखं वाचलं जात नाही. कीर्तनकाराला जसं माहीत असतं की लोक कुठं हसणार आणि कुठं गप्प होणार, तसं रुसोला प्रत्येक तुकड्याबद्दल माहीत होतं.

तर त्यानं दाखवलं काय? इथं थोडा नियमांचा भाग आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्ती स्वातंत्र्य लागू नाही. (हे मत बदलायला १९५२ साल उजाडलं.) त्यामुळं प्रत्येक राज्य, प्रत्येक शहर आपापली कात्री काढू शकत होतं. निर्मात्यांनी विचार केला, बाहेरच्यांनी कापण्यापेक्षा आपणच कापू. विल हेज नावाच्या माजी टपालमंत्र्याला त्यांनी आपल्या संघटनेच्या गादीवर बसवलं होतंच. १९३०मध्ये नियमावली लिहून झाली, ती लिहिणाऱ्यांत एक जेझुइट पाद्री होता. सुरुवातीची चार वर्षं ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. मग कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली आणि जुलै १९३४पासून जोसेफ ब्रीन नावाचा माणूस दारात उभा राहिला. त्याच्या शिक्क्याशिवाय सिनेमा मोठ्या थिएटरांत लागायचा नाही, आणि लावला तर २५,००० डॉलर दंड. पटकथा आधी त्याच्या टेबलावर. आपल्याकडचं सेन्सॉर बोर्ड सरकारी आहे. हे बोर्ड खुद्द धंद्यानं स्वतःवर बसवून घेतलेलं होतं, आणि म्हणूनच जास्त कडक होतं.

त्या नियमावलीत एक ओळ होती: लैंगिक विकृती दाखवायची नाही, आणि तिचा नुसता सूचक उल्लेखही करायचा नाही. म्हणजे समलिंगी माणूस चांगला दाखवायचा नाही असं नाही, वाईट दाखवायचा असंही नाही. तो नाहीच, असं धरून चालायचं.

त्याचे परिणाम बघा. १९४५ साली एका दारुड्या लेखकावरची कादंबरी पडद्यावर आली. कादंबरीत त्याच्या पिण्यामागं लैंगिकतेचं जुनं प्रकरण होतं, सिनेमात ते जाऊन उरलं काय, तर लिहायला सुचत नाही म्हणून पितो. १९४७ साली एका खुनाची गोष्ट आली. कादंबरीत मारला जाणारा माणूस समलिंगी, सिनेमात तो ज्यू झाला, आणि सिनेमाचं कौतुक झालं ते ज्यूद्वेषाविरुद्ध बोलल्याबद्दल. तेही महत्त्वाचंच होतं. पण एका माणसाला न्याय देण्यासाठी दुसऱ्याला गोष्टीतून उठवलं गेलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रुसोच्या आलं.

पण माणूस गोष्टीतून उठवला तरी पूर्ण जात नाही. मारून-मुटकून आत ढकललेला कपडा दाराच्या फटीतून दिसतोच. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. चुंबन चालत नव्हतं तेव्हा हिंदी सिनेमात दोन फुलं एकमेकांवर डोलायची, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्या थिएटराला काय ते कळायचं. हॉलिवुडनंही अशीच फुलं शोधली.

एक उदाहरण जवळून बघू. ‘द माल्टीज फाल्कन’, १९४१. गुप्तहेर सॅम स्पेडच्या कचेरीत एक माणूस भेटायला आलाय. सेक्रेटरी आत येऊन त्याचं कार्ड स्पेडच्या हातात देते. मूळ कादंबरीत ती इथं सरळ सांगून टाकते की हा गडी ‘तसला’ आहे. सिनेमात ते वाक्य चालणार नाही. म्हणून काय होतं? कार्डाला अत्तर लावलेलं आहे. स्पेड ते नाकाशी नेतो. ती एकच शब्द बोलते: गार्डेनिया. म्हणजे अनंताच्या फुलाच्या जातीचा तो गोडमट्ट वास. स्पेडच्या चेहऱ्यावर हसू. मागं नाजूक संगीत सुरू होतं आणि पीटर लॉरी आत येतो, केस चापूनचोपून बसवलेले, बोलता बोलता हातातल्या छडीची मूठ ओठांपाशी नेणारा. बस. शिक्का मारणाऱ्याला आक्षेप घ्यायला एक शब्द सापडणार नाही, आणि प्रेक्षकाला एकही शब्द कमी पडणार नाही.

आता यात वाईट काय, असं कुणी विचारेल. प्रसंग तर मजेदार आहे. आहेच. रुसोलाही असे प्रसंग आवडायचे, तो काही तोंड वाकडं करून सिनेमा बघणारा समीक्षक नव्हता. मुद्दा संख्येचा आहे. एका सिनेमात बायल्या माणूस हसण्यासाठी असला तर ती त्या सिनेमाची निवड. तीस वर्षांच्या सिनेमांत तो फक्त हसण्यासाठी, नाहीतर अत्तर लावलेला गुन्हेगार, नाहीतर रक्त पिणारी बाई म्हणूनच असला, तर मग ती कुणा एका दिग्दर्शकाची निवड उरत नाही. रुसोची खरी कामगिरी ही आहे. सुटा सुटा प्रत्येक सिनेमा माफ करता येतो. शंभर एका ओळीत लावले की साचा दिसतो. इतिहासकार तरी दुसरं काय करतो?

नियम ढिले झाले तेव्हा तर गंमतच झाली. १९६१च्या शरदात नियमावलीत दुरुस्ती झाली: हा विषय आता ‘संयमानं’ दाखवता येईल. म्हणजे समलिंगी पात्र उघडपणे पडद्यावर येऊ शकत होतं. आलं. आणि मरू लागलं.

त्याच वर्षीचा ‘द चिल्ड्रन्स अवर’ घ्या. मुलींची शाळा चालवणाऱ्या दोन मैत्रिणी. एक पोरगी सूडानं अफवा उठवते की या दोघींचे ‘संबंध’ आहेत. शाळा ओस पडते. याच दिग्दर्शकानं, विल्यम वायलरनं, १९३६ साली हीच गोष्ट केली होती, तेव्हा अफवा बदलून एक पुरुष दोन बायका असा साधा तिढा केला होता. आता मूळ अफवा ठेवता आली. आणि शेवटाकडं मार्था, म्हणजे शर्ली मॅक्लेन, मैत्रिणीला सांगते की अफवा खोटी असेल, पण माझ्या मनात तसं काहीतरी आहे. तिचा तो कबुलीचा प्रसंग बघवत नाही. ती स्वतःचाच असा तिरस्कार करते की जणू अंगाला घाण लागली आहे. थोड्या वेळानं ती खोलीत जाऊन गळफास घेते. खूप वर्षांनी मॅक्लेननं सांगितलं की सेटवर या विषयावर कुणी कधी बोललंच नव्हतं. अख्खा सिनेमा ज्यावर उभा आहे, तोच विषय.

त्यानंतरच्या दशकात यादी भराभर वाढत गेली. वस्तरावाला सिनेटर १९६२चा, झाड पडलेली बाई १९६८च्या आसपासची, त्याच सुमारास स्वतःला गोळी घालणारा लष्करी सार्जंट. लेखक-दिग्दर्शकांना बहुधा आपण सहानुभूतीनं लिहितोय असंच वाटत असणार. बिचारा, किती सोसलं त्यानं! पण चौदा वर्षांचा जो मुलगा अंधारात बसून हे बघतोय, ज्याला आपल्याबद्दल नुकतंच काहीतरी कळू लागलंय, त्याला यातून एवढंच समजतं की आपल्यासारख्यांच्या गोष्टीचा शेवट ठरलेला आहे.

रुसोचं पुस्तक आलं त्याच १९८१ साली, त्याच्याशी काडीचा संबंध नसताना, मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा, भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. त्या काळी असं नाटक लिहायला आणि उभं करायला छाती लागते, त्यात वाद नाही. तेंडुलकर हसण्यासाठी लिहीत नव्हते, दयेपोटीही नाही. पण शेवटी मित्राही आत्महत्या करते. मी रुसोची यादी वाचल्यावर पहिली आठवण या नाटकाची झाली, आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

रुसोला सगळं बरोबरच दिसलं असं मात्र नाही. पुस्तकात पुरुषांवर जितकी नजर आहे तितकी बायकांवर नाही, आणि गोरा हॉलिवुड सोडून बाहेर तो कमीच जातो. कधी कधी त्याला संशयाची इतकी सवय झालेली असते की साध्या खांद्यावरच्या हातातही अर्थ दिसतो. एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९४-९५च्या सुमारास चित्रित झालेला एक छोटा तुकडा आहे, त्यात दोन पुरुष एकमेकांना धरून नाचतात. रुसोनं तो आपल्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीला ठेवला. खरं म्हणजे ती निव्वळ आवाज आणि चित्र जुळतंय का याची चाचणी होती. ते दोघं कोण, एकमेकांचे कोण, यातलं काहीच त्यातून सिद्ध होत नाही. आणखी एक आक्षेप नंतरच्या पिढीचा: आम्हाला सतत गुणी आणि आदर्शच का दाखवायचं, आमच्यातले बदमाशही येऊ देत की पडद्यावर. नाटककार-अभिनेता हार्वी फायरस्टीन तर म्हणाला की त्याला तो जुना बायल्या आवडतो, अजिबात न दिसण्यापेक्षा कसंही दिसलेलं बरं. मला स्वतःला दोन्ही पटतं, सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं.

पुस्तकाच्या उल्लेखात त्याच्या संघटनेतल्या कामावर पडदा पडू नये म्हणून एक प्रसंग. जून १९७३, वॉशिंग्टन स्क्वेअर. स्टोनवॉलच्या स्मरणार्थ निघालेल्या मोर्चाची सभा, सूत्रसंचालक रुसो. तृतीयपंथी कार्यकर्ती सिल्व्हिया रिव्हेरा झगडून मंचावर चढली आणि तिनं सुनावलं की तुमचे-आमचे लोक तुरुंगात मार खाताहेत आणि तुम्ही इथं मजा करताय. खाली हुर्यो. मग स्त्रीवादी लेस्बियन गटाचं उत्तर, त्याला प्रत्युत्तर, सभा हातघाईवर येण्याच्या बेतात. चळवळ म्हणजे एकदिलाचा मेळा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी या सभेबद्दल वाचावं. शेवटी गायिका बेट मिडलर मंचावर आली आणि मैत्रीवरचं गाणं म्हणून तिनं वातावरण निवळवलं. रुसो तिथं माइक धरून उभा होता, घामाघूम.

मग एड्स आला. ५ जून १९८१ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची पहिली नोंद छापून आली. म्हणजे ज्या वर्षी मेलेल्या पात्रांची यादी छापली गेली, त्याच वर्षी मेलेल्या मित्रांची यादी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत रुसोची वही भरत गेली. १९८५मध्ये त्याला स्वतःला निदान झालं. १९८६मध्ये त्याचा जोडीदार जेफ्री सेव्हिक गेला.

वर्तमानपत्रं काय छापत होती? न्यूयॉर्कच्या एका खपाऊ दैनिकानं रोगापेक्षा रोग्याची बदनामी जास्त चालवली होती. त्याचा निषेध करायला १९८५च्या अखेरीस काही लोक जमले, त्यातून ‘ग्लाड’ ही संघटना उभी राहिली. संस्थापकांत रुसो. त्याच्यासाठी हे नवं काम नव्हतंच. पडद्यावर आपल्याला कसं रंगवलं जातं हे जो पंधरा वर्षं तपासत होता, तो आता पहिल्या पानावर तेच तपासत होता. मार्च १९८७मध्ये ‘ॲक्ट अप’ सुरू झाली, औषधं लवकर मिळावीत म्हणून रस्त्यावर उतरणारी संघटना. तिथंही तो पहिल्यापासून.

१९८८ साली, मे महिन्यात ऑल्बनीला आणि ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला आरोग्य खात्याच्या इमारतीसमोर, त्यानं एक भाषण केलं. एड्ससोबत जगणं म्हणजे युद्धात असल्यासारखं आहे, तो म्हणाला, पण हे युद्ध फक्त खंदकात बसलेल्यांनाच दिसतं. गोळा फुटतो, वळून बघावं तर आणखी काही मित्र गेलेले असतात, आणि शेजारून जाणाऱ्याला पत्ताही नसतो. मग त्यानं आपल्या मरणाची कारणं एकेक करून मोजली. मी मरत असेन तर समलिंगी-द्वेषानं मरतोय. वंशद्वेषानं मरतोय. अनास्था आणि लाल फितीनं मरतोय. राष्ट्राध्यक्षांमुळं मरतोय. आणि त्यात एक कारण माध्यमांचं होतं: त्यांना माझ्यात रस आहे, पण मी हतबल बिचारा होऊन दाखवेन तोवरच.

ते भाषण इंटरनेटवर आहे. ऐकताना या कारणापाशी मी थांबलो. कारण हतबल बिचारा ही भूमिका त्याच्या ओळखीची होती. साठच्या दशकातल्या प्रत्येक सिनेमात तिचे संवाद ठरलेले होते, शेवट ठरलेला होता. आता टीव्हीचा कॅमेरा तीच भूमिका त्याच्याकडं घेऊन आला होता आणि तो ती करायला नकार देत होता. मरणाचं कारण विषाणू म्हणून लिहू नका, बाकीची कारणंही लिहा, असं सांगणारा हा तोच माणूस होता ज्यानं पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक पात्रासमोर मरणाचं कारण लिहून ठेवलं होतं.

भाषणाच्या अखेरीस तो पुढं जन्मणाऱ्या लोकांबद्दल बोलला. एक दिवस हे संकट संपेल, आणि तेव्हा लोकांना कळलं पाहिजे की एक भयंकर रोग होता, आणि काही शूर माणसं उभी राहिली आणि लढली. आणि हा रोग लाथाडून झाला की आपण या व्यवस्थेलाही लाथाडायला जिवंत असणार आहोत, असं त्यानं शिवी हासडून सांगितलं. टाळ्या थांबेनात.

जून १९९०च्या मोर्चाच्या दिवशी तो इतका खंगला होता की चालणं शक्य नव्हतं. लेखक लॅरी क्रेमरच्या घराच्या सज्जात त्याला बसवलं होतं. खालून ‘ॲक्ट अप’चा जथा जाताना थांबला आणि शेकडो लोक वर बघून ओरडू लागले, व्हीटो, आमचं तुझ्यावर प्रेम आहे. ७ नोव्हेंबर १९९०ला तो गेला. वय ४४. एचआयव्हीला खऱ्या अर्थानं आवर घालणारी एकत्रित औषधं आली ती १९९६च्या सुमारास.

त्याच्या पुस्तकावर माहितीपट व्हावा ही त्याची इच्छा जिवंतपणी पुरी झाली नाही. रॉब एप्स्टाइन आणि जेफ्री फ्रीडमन या त्याच्या मित्रांनी तो पुढं पूर्ण केला, १९९५ साली. पैशांसाठी बरीच वणवण झाली, लिली टॉमलिन या अभिनेत्रीनं लोकांना पत्रं लिहून मदत मागितली आणि निवेदनही केलं. मॅक्लेननं सेटवरची ती गोष्ट सांगितली ती याच माहितीपटात. पुस्तक मिळालं नाही तरी हा जरूर बघा, रुसोच्या व्याख्यानाच्या जवळात जवळ जाणारी हीच गोष्ट.

‘ग्लाड’नं २०१३मध्ये त्याच्या नावानं एक चाचणी काढली. सिनेमात समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स असल्याचं कळेल असं पात्र आहे का? त्या पात्राची ओळख तेवढीच तर नाही ना, म्हणजे बाकीच्यांना जसा स्वभाव, धंदा, लफडी असतात तशी त्यालाही आहेत का? आणि ते पात्र काढून टाकलं तर गोष्ट अडते का, की नुसतं हशा पिकवायला आणून ठेवलंय? चाचणी सोपी आहे. मित्राच्या लग्नात नाचणारा, नायिकेचे कपडे निवडून देणारा, दोन वाक्यं बोलून गायब होणारा जो इसम आपल्या सिनेमांत हमखास असतो, त्याला ही चाचणी लावून बघा. तो तिसऱ्या प्रश्नावर पडतो.

आणि तो एडिसनच्या प्रयोगशाळेतला तुकडा. साधारण सतरा सेकंदांचा आहे, कुठंही फुकट बघायला मिळतो. एक माणूस भल्यामोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवतोय, शेजारी दोघं एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरताहेत. त्या काळी त्याचा आवाज मेणाच्या एका नळकांड्यावर वेगळा मुद्रित केला होता, आणि नळकांडं फुटलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून होतं. ते सांधून, आवाज काढून, चित्राशी जुळवला गेला तो २००० साली. रुसोनं हा तुकडा किती वेळा बघितला, किती गावांत दाखवला असेल देव जाणे, पण त्यानं तो कायम मुकाच बघितला. आता व्हायोलिन ऐकू येतं.